जिन्यातला वारा

नेवेन्काला माणसांचा राग यायचा नाही, कीव यायची, आणि ती लपवायची तिला गरज वाटत नसे. सावा नदीच्या काठावरच्या 'गालेब' टॉवरमध्ये आगीच्या बंदोबस्ताची ती इंजिनियर होती. खाली दुकानं आणि ज्वेज्दानचं ग्रिल हॉटेल, मध्ये कचेऱ्या, वर घरं, आणि त्या घरांतल्याच एकात ती आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहायची. म्हणजे दिवसभर ज्यांची कीव करायची, संध्याकाळी लिफ्टमधून त्यांच्याच खांद्याला खांदा लावून वर जायचं. हे तिला शिक्षेसारखं वाटे.

टॉवर बांधणाऱ्यांनी पैसा ओतला होता तो खालच्या दालनाच्या संगमरवरात आणि गच्चीवरच्या दिव्यांत. तिच्या मते इमारतीत अक्कल वापरलेली जागा एकच, ती म्हणजे जिना. नुसतं काँक्रीट, खिडकी नाही, रंगसुद्धा धड नाही. पण आग लागली की लिफ्ट बंद, आणि वरच्या माणसांना खाली यायला रस्ता हाच. अलार्म वाजला की तळघरातला मोठा पंखा आपोआप सुरू व्हायचा आणि मजल्यामजल्यावरच्या जाळ्यांतून जिन्यात हवा कोंबायचा. आत हवेचा जोर जास्त असला की बाहेरचा धूर आत शिरत नाही. यात न कळण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नव्हतं. म्हणूनच ते कुणाला समजावून सांगावं असंही तिला कधी वाटलं नाही.

घोडं अडलं ते वाऱ्यापाशी.

बेलग्रेडचा माणूस बॉम्बवर्षावात बाल्कनीत बसून कॉफी पिईल, नदीवरून कोशावा वारा हाडं फोडत असला तरी बाकावर बसून बुद्धिबळ खेळेल. पण घरात समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या आणि मधून हवेची एक झुळूक गेली, की त्याची पाचावर धारण बसते. ती झुळूक म्हणजे प्रोमाया. मान धरली, प्रोमाया. कान ठणकला, प्रोमाया. मूल होत नाही, नवरा नीट बोलत नाही, पोराला गणित येत नाही, या सगळ्याच्या मुळाशी कुठेतरी एक उघडी खिडकी असते. आणि इथे तर नेवेन्का दर महिन्याला पंखा तपासण्यासाठी अख्ख्या जिन्यात मुद्दाम वारा सोडत होती.

तक्रारी वाढल्या तशी सभा भरली. ज्वेज्दानच्या हॉटेलातल्या खुर्च्या खालच्या दालनात मांडल्या, खिडक्या घट्ट लावल्या आणि सगळे घामाघूम होऊन बसले. अध्यक्षस्थानी प्रोफेसर बुदिमिर. हे कान-नाक-घशाचे निवृत्त डॉक्टर. गळ्यात बारा महिने मफलर, आणि बोलणं असं की नाकानं कांदे सोलतायत.

"नेवेन्काबाई," प्रोफेसर म्हणाले, "मी जन्मभर लोकांचे कान तपासले. तुमच्या त्या जाळीसमोर उभं राहिलेल्या माणसाचा कान मी बघितला, आणि मला रडू आलं."

"कुणाचा कान?" नेवेन्कानं विचारलं.

"माझाच."

"माझ्या सुनेचं तोंड वाकडं झालं जिन्यात," मागून एक बाई म्हणाली.

"ते लग्नाआधीपासून वाकडं आहे," दुसरी म्हणाली.

"पण एवढं नव्हतं!"

ज्वेज्दान उठला. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. "बाई, माझे वेटर जिन्यात सिगारेट ओढायला जातात. बिचारी पोरं ग्रिलसमोर घामानं भिजलेली, आणि तुम्ही त्यांच्या अंगावर वारा सोडता! माणुसकी आहे का काही?"

"त्यांनी जिन्यात जायचंच नाही. आणि तू ते आगीचं दार बिअरचा क्रेट लावून उघडं ठेवतोस, त्याचं काय? मी रोज लाथेनं क्रेट उडवते, तू रोज परत लावतोस."

"ते दार आहे. दारातून हवा येते. प्रोमाया वेगळी," ज्वेज्दान म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

इमारतीचा मॅनेजर ओग्न्येन कोपऱ्यात उभा होता. तंग सूट, टोकदार बूट, आणि जो शेवटी बोलेल त्याची री ओढायची हे त्याच्या नोकरीचं सूत्र. तो हळूच म्हणाला, "नेवेन्काबाई, तुम्ही जरा सांगा ना सगळ्यांना, तो पंखा नेमका कशासाठी आहे ते. म्हणजे गैरसमज..."

नेवेन्कानं त्या तोंडांकडे पाहिलं. लोकरीच्या टोप्या, मफलर, घामाचे ओघळ. यांना हवेचा दाब समजावून सांगायचा? तिच्या तोंडून एकच वाक्य निघालं. "तुम्हाला नाही कळणार."

मत घेतलं. पंखा बंद करावा, असं एकमतानं ठरलं, आणि तिची आईही हात वर करून बसली होती. ओग्न्येननं दुसऱ्याच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलावून पंख्याची वायर काढून टाकली. नेवेन्कानं त्याच संध्याकाळी ती परत जोडली, कुणाला न सांगता. महिन्याची तपासणी मात्र बंद केली, कारण वारा सुटला असता तर बिंग फुटलं असतं. अलार्म वाजला की पंखा सुरू होईल, एवढं तिला पुरे होतं. यांचे जीव यांच्या मर्जीविरुद्ध वाचवायचे, यात तिला थोडी मजाही वाटली.

त्या दिवसांत आई, रादोय्का, खिडकीपाशी बसून काहीबाही शिवत असायची. जन्मभर तिनं रजयांच्या कारखान्यात काम केलं होतं. तिचा टाका उसवलेला कुणी पाहिला नव्हता.

"नेवा, जिन्यातला तो वारा कशाला गं सोडायचीस तू?" तिनं एकदा विचारलं.

"आई, तुला नाही कळणार."

"तू त्या जिन्यात दिवसभर चढउतार करतेस. घामेजतेस. तुझी मूत्रपिंडं लहानपणापासून नाजूक."

"माझी मूत्रपिंडं ठणठणीत आहेत. आणि हात वर करताना लाज नाही वाटली तुला? स्वतःच्या मुलीविरुद्ध?"

"तुझ्याविरुद्ध कुठे? वाऱ्याविरुद्ध केला," आई म्हणाली आणि दोरा दातानं तोडला.

डिसेंबरात संत निकोलाचा दिवस आला. तो प्रोफेसरांच्या घराण्याचा संत, त्यामुळे त्यांच्या घरी जेवणावळ. टेबलावर मोठी मेणबत्ती, शिजवलेले गहू, कोबीच्या पानात गुंडाळलेले सार्मे, राकियाच्या बाटल्या, आणि अर्थातच बंद खिडक्या. वरच्या मजल्यांवरची झाडून सगळी माणसं तिथे होती. आईही होती. नेवेन्का गेली नाही. बुदिमिरच्या हातचे गहू गिळण्यापेक्षा तळघरात पंप मोजलेले बरे, असं ती आईला म्हणाली होती.

भर दुपारी ज्वेज्दानच्या ग्रिलवरच्या धुराड्यात साचलेली चरबी पेटली.

अलार्म वाजला आणि तिच्या मागे पंख्यानं घरघर सुरू केली. नेवेन्का चक्क हसली. जन्मभराचा विजय त्या घरघरीत होता. अग्निशामक दलाला फोन करून ती जिन्याकडे धावली. हॉटेलच्या मजल्यावर दाराला बिअरचा क्रेट लावलेलाच होता, आणि त्या फटीतून काळा धूर जिन्यात घुसत होता. "गाढवा!" ती ओरडली, क्रेटला लाथ घातली, खांद्यानं दार लोटलं. दार बसलं. पण आधीच शिरलेला धूर वर चढत होता.

ती त्याच्या मागे निघाली. कचेऱ्यांच्या मजल्यांवर जाळ्यांतून वारा जोरात सुटला होता आणि जिना स्वच्छ होता. माणसं धडाधड उतरत होती, फाइली छातीशी, कुणाचे केस उडतायत, कुणी कान झाकतंय. ती त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "झाका, झाका कान!" आणि वर चढत राहिली.

घरांचे मजले सुरू झाले आणि वारा थांबला.

आधी तिला वाटलं, आपल्याला धाप लागलीय म्हणून जाणवत नाही. मग खोकल्याचे आवाज आले. दिवे धुरात पिवळे दिसत होते. तिनं जाळीवर हात ठेवला. जाळी नव्हतीच. हाताला मऊ लागलं. टॉर्च लावला. जाळीच्या चौकटीत एक गादीसारखी उशी कोंबलेली, अगदी मापात शिवलेली, चारी बाजूंनी गोट घातलेला, की इवलीशी फट नाही. आणि कापड निळं, त्यावर लाल चेरी.

ती तिच्या लहानपणीची रजई होती.

उशी उपटून तिनं जिन्यात फेकली आणि वारा तोंडावर आला. वरच्या मजल्यावर दुसरी उशी. तीही उपटली. वरून गर्दी उतरत होती, खोकत, एकमेकांना धरून. सगळ्यांत पुढे प्रोफेसर बुदिमिर, आणि त्यांच्या हातात संताची ती मोठी मेणबत्ती. पेटलेली. ती दिवसभर विझवायची नसते, म्हणून हा शिकलेला माणूस धुरानं भरलेल्या जिन्यातून ज्योतीला तळव्याचा आडोसा करून उतरत होता. नेवेन्काला त्याही क्षणी वाटलं की मनुष्यजातीला वाचवण्यात काही अर्थ नाही.

तेवढ्यात त्यांच्या मागून कुठूनतरी वारा आला आणि मेणबत्ती विझली.

"प्रोमाया!" प्रोफेसर किंचाळले.

"वर कोण आहे?" नेवेन्कानं त्यांचा मफलर धरून विचारलं. "जाळ्या कोण उघडतंय?"

"रादोय्का मावशी," कुणीतरी म्हणालं. "आम्ही खाली ओढत होतो, तर हात सोडवून परत वर गेली. वेड लागलंय म्हातारीला."

आई तिला आणखी वर सापडली. मफलर तोंडावर, एक गुडघा पायरीवर टेकलेला, आणि दोन्ही हातांनी उशी ओढत होती. स्वतःच इतक्या मापात शिवलेली ती तिला निघत नव्हती.

"नेवा," आई खोकत म्हणाली, "वरची अजून राहिलीय."

नेवेन्कानं वरची काढली. मग आईला पाठीवर घेऊन ती उतरली. जिन्यात वारा सुटला होता, आणि धूर वरच्या दारातून गच्चीवर निघून जात होता.

त्या दिवशी कुणी मेलं नाही. ज्वेज्दानचं हॉटेल जळलं, आणि आईची छाती धुरानं खराब झाली. हॉस्पिटलात तिचा श्वास शिटीसारखा वाजायचा. प्रोफेसर भेटायला आले, संत्री ठेवली, तिची मान चाचपली आणि म्हणाले, "घामेजलेल्या अंगानं जाळीसमोर उभी राहिलीस, रादोय्का. दुसरं काय होणार?" नेवेन्का भिंतीकडे तोंड करून बसली.

आई घरी आली आणि पुन्हा सभा भरली. तीच खालची जागा, बंद खिडक्या, फक्त खुर्च्या उसन्या. आईला पुढच्या ओळीत बसवलं होतं, शालीत गुंडाळून.

"मुद्दा सरळ आहे," प्रोफेसर म्हणाले. "वरच्या मजल्यांवर देवाच्या कृपेनं जाळ्या बंद होत्या. आम्ही खोकलो, पण धडधाकट आहोत. आजारी पडलं कोण? रादोय्का. एकटी. का? कारण जाळी उघडी होती आणि ती समोर होती. तेव्हा सगळ्या जाळ्यांवर पत्रा ठोकून वेल्डिंग करून टाकावं, असा मी ठराव मांडतो."

टाळ्या पडल्या. ओग्न्येननंही दोन बोटांनी वाजवल्या. मग तो म्हणाला, "फक्त एक. त्या उशा घातल्या कुणी, हे समजलं तर..."

"आभार मानू त्याचे!" ज्वेज्दान ओरडला. त्याचं हॉटेल जळलं होतं, आवाज शाबूत होता.

नेवेन्का उठली. उत्तर तिच्या जिभेवर होतं. वारा होता तिथली माणसं खोकलीसुद्धा नाहीत, उशा होत्या तिथे धूर भरला, आणि आई आजारी पडली ती त्या उशा काढताना. पण मग पुढचा प्रश्न आलाच असता, की म्हातारीला उशा कुठे आहेत ते ठाऊक कसं होतं? तिनं आईकडे पाहिलं. याच माणसांत आईला उरलेले दिवस काढायचे होते, याच लिफ्टमध्ये. आणि ती बोलली नाही तर जाळ्यांवर पत्रा बसणार होता, आणि आईला आता जिना धड उतरवतही नव्हता. आयुष्यात प्रथमच ती मूग गिळून उभी राहिली.

"मी घातल्या," आई म्हणाली.

मागच्या ओळींतल्या माना उंचावल्या.

"मी शिवल्या आणि त्या दिवशी सकाळी, ही तळघरात उतरल्यावर, मीच घातल्या. वायर काढली हे मला ठाऊक होतं, पण माझी मुलगी कसली ऐकतेय? जोडली असणार म्हटलं. तिला वारा लागू नये म्हणून घातल्या. आणि धूर आला तेव्हा कळलं की काहीतरी चुकलंय." ती श्वास घ्यायला थांबली. श्वास वाजला. "काय चुकलं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मी विचारलं होतं. ही म्हणाली, तुला नाही कळणार. नेवा, आता सगळ्यांसमोर सांग. पण माणसाला सांगतात तसं सांग, शेळीला नाही."

नेवेन्काच्या डोक्यात दाबाची सगळी गणितं आली आणि गेली. समोर टोप्या होत्या, मफलर होते. तिनं एकदम विचारलं, "प्रोमाया माणसाला काय करते?"

उत्तरांचा पाऊस पडला. "मान धरते!" "कान फोडते!" "माझ्या दिराला आडवा केला, एवढा बैलासारखा माणूस!" "तोंड वाकडं!" "मूत्रपिंडं!"

"बैलासारखा माणूस आडवा करते," नेवेन्का म्हणाली. "बरं. आता धुराकडे बघा. धुराला ना मफलर, ना टोपी. उघडाबोडका जिन्यात येतो. आणि मी सगळ्या जाळ्यांतून त्याच्या अंगावर प्रोमाया सोडते."

एकेका चेहऱ्यावर उजेड पडत गेलेला तिला दिसला.

"अरे देवा," मागची बाई कळवळून म्हणाली. "मग तो कसला टिकतोय!"

"म्हणजे जाळी बंद केली तर धुराला उबारा मिळतो," ज्वेज्दान म्हणाला.

"अगदी बरोबर," नेवेन्का म्हणाली. आपण असं म्हणतोय यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

आता सगळे प्रोफेसरांकडे बघू लागले. त्यांनी मफलर सारखा केला. "वैद्यकीयदृष्ट्या," ते म्हणाले, "प्रोमायासमोर काहीच टिकत नाही. हे मी पहिल्यापासून सांगतोय."

पंखा सुरू ठेवावा असं एकमतानं ठरलं. हा विचार आपलाच होता अशा तोऱ्यात प्रोफेसर खुर्चीवरून उठले. ज्वेज्दाननं दाराला पुन्हा क्रेट न लावण्याची शपथ घेतली. नेवेन्काचा त्यांच्याबद्दलचा तिटकारा रतीभरही कमी झाला नव्हता. उलट वाढला होता, कारण आता ती मूर्ख माणसं तिच्या बाजूला होती, आणि ती मूर्ख आहेत म्हणून आपण त्यांना कधी एक वाक्य धड सांगितलं नाही, हे तिच्या आईच्या छातीत शिटीसारखं वाजत होतं.

पुढच्या तपासणीला जिन्यात जत्रा भरली. आपापल्या मजल्यावर माणसं टोप्या घालून, कान बांधून उभी राहिली आणि वारा सुटला तसे एकमेकांना ओरडून सांगू लागली, "आमच्याकडे जोरात आहे! तुमच्याकडे?" प्रोफेसर हात मागे बांधून जाळीपासून लांब उभे होते, आदरानं.

आई घराबाहेरच्या पायरीवर बसली होती. नेवेन्का आली तशी तिनं आपली शाल काढून तिच्या गळ्याभोवती गुंडाळली. नेवेन्कानं गुंडाळू दिली.

"वाऱ्याचं समजलं मला," आई म्हणाली. "पण हे जड दार आपोआप का बंद होतं गं? मला ढकलवत नाही ते आता."

"ते आई, तुला नाही..." नेवेन्का म्हणाली, आणि थांबली.

पंखा घरघरत होता. त्याच्या आवाजातही आईचा श्वास वेगळा ऐकू येत होता. नेवेन्का तिच्या शेजारी पायरीवर बसली आणि दाराबद्दल सांगू लागली.